‘एव्हरेज किती देते?’ आणि डोक्याला असलेले इतर शॉट

तुमच्या ऑफिसात असा एक नग नक्की असतो. लंच टाइममध्ये सगळे इन्क्रिमेंट, बॉस आणि वर्ल्ड कपवर बोलत असतात आणि हा खिडकीतून कान टवकारून म्हणतो, “ऐकलंस? टॅपेट वाजतायत त्या गाडीचे.” त्याच्या डेस्कटॉपवर हिरोईन नसते, गाडी असते. मोबाइलमध्ये बायकोचे जितके फोटो असतील त्याच्या दुप्पट गाडीचे, आणि तेही फक्त डाव्या बाजूने, कारण उजव्या दरवाजावर रिक्षाने ओढलेली रेघ आहे.

हा माणूस सुखी असतो असं आपल्याला वाटतं. तसं काही नाही. गाडीवर प्रेम करणाऱ्याचा दिवस बारीकसारीक वैतागांनी भरलेला असतो. ज्याला गाडी म्हणजे चार चाकं आणि एक एसी, त्याला यातलं काहीच टोचत नाही. याला सगळं टोचतं.

आणि मोरिवलीत तर असे नग जरा जास्तच. का, ते सोपं आहे. अंबरनाथचा हा भाग एमआयडीसीचा. कल्याण-बदलापूर रस्त्याच्या अंगाने कारखाने, शेड, लेथ आणि मिलिंग मशीन. गावात ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. एकेकाळी विम्कोच्या आगपेट्याही इथल्याच. म्हणजे घराघरात एक तरी माणूस असा, ज्याने आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगितलं. त्यांची पोरं आता आयटीत, बँकेत, कॉल सेंटरमध्ये. पण कान बापाचेच.

तर अशा पाच-सहा जणांना गाठलं आणि विचारलं, बाबांनो, नक्की त्रास काय? उत्तर एकमुखाने आलं. पहिला त्रास म्हणजे तो प्रश्न.

‘एव्हरेज किती देते?’

तुम्ही दोन वर्षं पैसे साठवलेत, सहा टेस्ट ड्राइव्ह घेतल्यात, स्टिअरिंगचा फील, सस्पेन्शन, गिअरचा खटका, सगळ्याचा अभ्यास केलात. गाडी दारात आली. पेढे वाटले. आणि खालच्या मजल्यावरचे काका चष्मा वर करून विचारतात, “एव्हरेज किती देते?” बस. संपलं सगळं. मारुतीने ‘कितना देती है’ यावर अख्खी जाहिरात केली आणि ती सुपरहिट झाली, यावरून समजा हा प्रश्न आपल्या रक्तात किती भिनलाय.

हल्ली तर या प्रश्नाचं उत्तर देणं आणखी अवघड झालंय. पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. हिशेब मांडला तर ई२०च्या एका लिटरमध्ये ६-७ टक्के ऊर्जा कमी. इंजिन त्यासाठी ट्यून केलेलं असेल तर फरक कमी जाणवतो, नसेल तर जास्त. २०२३च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील या पेट्रोलला चालतील असे आहेत. जुन्या गाडीवाल्याला मात्र रबराच्या पाइपांची काळजी लागलेली असते. आता हे सगळं काकांना जिन्यात उभं राहून कसं सांगणार? तो आपला म्हणतो, “पंधरा-सोळा देते, काका.” काका म्हणतात, “आमच्या जावयाची बावीस देते.”

दुसरा त्रास दरवाजाचा. हा इतका बारीक आहे की गाडीवेड नसलेल्याला तो त्रास वाटणारच नाही. पाहुणे गाडीत बसतात आणि दार धडाम्‌! गाडीवाल्याच्या काळजातून कळ जाते. पण तोंडाने काय बोलणार? “मावशी, जरा हळू” म्हटलं तर मावशी लग्नापर्यंत बोलत नाही. मला विचाराल तर यात मावशीची चूक नाही. त्या पिढीने गाडी म्हणून काय पाहिलं? पद्मिनी नाहीतर अॅम्बॅसेडर. त्यांचं दार आपटल्याशिवाय लागायचंच नाही. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण तिचं दार आपटायची सवय काही गेलेली नाही.

मग पाय डॅशबोर्डवर टाकणारा मित्र. मागच्या सीटवर वडापावचा चुरा सांडणारा भाचा. सीटची सेटिंग बदलून गाडी परत देणारा दादा. (आरसेसुद्धा! तिन्ही!) आणि धूळ बसलेल्या काचेवर बोटाने ‘मला धुवा’ लिहिणारी पोरं. विनोद म्हणून ठीक आहे, पण धुळीत बारीक खडी असते, बोट फिरलं की पेंटवर ओरखडा. मोरिवलीत ही धूळ जरा स्पेशल असते. रात्रभर एमआयडीसीच्या बाजूने वारा असला तर सकाळी पांढऱ्या बोनेटवर बोट फिरवा, काळं होतं. त्यावर उतारा म्हणून सोसायटीत गाड्या पुसणारा पोरगा येतो. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. विसाव्या गाडीवर फडकं नसतं, सँडपेपर असतो. एका बँकवाल्याने त्याला महिन्याचे पैसे दिले आणि विनंती केली, “माझ्या गाडीला हात लावू नकोस.” पोरगा अजूनही त्याच्याकडे वेड्यासारखा बघतो.

सोमवार ते शुक्रवार लोकल, शनिवारी बॅटरी डाउन

आता खरा आपल्या बाजूचा त्रास. अंबरनाथ-बदलापूरचा नोकरदार गाडी घेतो, पण ऑफिसला जातो लोकलने. दुसरा इलाज नाही. सीएसएमटी इथून साठेक किलोमीटर. गाडीने निघालात तर शीळफाट्यालाच अर्धं आयुष्य. म्हणजे गाडी आठवड्याचे पाच दिवस उभी आणि शनिवारी सकाळी, कर्जतकडे एक मस्त राउंड मारू म्हणून किल्ली फिरवावी तर... टक. टक. टक.

याचं गणित सोपं आहे आणि ते माहीत असलेलं बरं. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ, स्टिरिओची मेमरी, हे सगळं थोडं थोडं करंट खात असतं. समजा ५० मिलिअँपिअर. पाच दिवसांचे १२० तास. झाले ६ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे आठवड्यात सहावा हिस्सा गेला. तरीही नवी बॅटरी गाडी चालू करेल. पण तुम्ही शनिवारी गाडी काढून फक्त स्टेशनपर्यंत भाजीला गेलात आणि परत आणून लावलीत तर ते ६ भरून निघतच नाहीत. चार आठवडे असेच गेले की पाचव्या शनिवारी धक्का. नुसतं दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवूनही फार काही भरत नाही, फक्त पेट्रोल जळतं. गाडी अर्धा-पाऊण तास नीट पळवा, नाहीतर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, नाहीतर सरळ एक चार्जर घ्या. एवढंच.

उभ्या गाडीचे आणखी पाहुणे म्हणजे उंदीर. इंजिनाची ऊब, वरून झाकण, आत वायरी. फाइव्ह स्टार! उपाय म्हणून कुणी डांबर गोळ्या ठेवतं, कुणी तंबाखूची पानं टांगतं. एकाच्या बोनेटखालून इतका तंबाखूचा वास यायचा की सर्व्हिस सेंटरवाल्याने विचारलं, “साहेब, ड्रायव्हर खातो का?”

पाऊस आला की हे सगळं किरकोळ वाटायला लागतं. उल्हास नदीच्या काठच्या लोकांना पाणी काय ते सांगायला नको. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेही आपल्याच दारात. अशा दिवशी खालच्या पार्किंगमधल्या गाडीत पाणी शिरलं तर एकच गोष्ट करायची नाही. किल्ली फिरवायची नाही! हवेच्या वाटेने पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचा खर्च लाखात. शिवाय साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बऱ्याचदा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रिन्यूअलच्या वेळी दोन मिनिटं काढून तेवढं बघून घ्या.

स्पीडब्रेकरवर तर एक वेगळा लेख होईल. इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणणं असं की स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे साधारण एका छोट्या गाडीच्या लांबीएवढा पसरट. ताशी २५च्या वेगाने गाडी त्यावरून आरामात जावी. आपल्याकडे गल्लीत जे असतं ते डांबराचा उभा कट्टा असतो. कुणाच्या तरी दारासमोर, रातोरात उगवलेला. सेडानवाला तिथे आला की मागच्या तिघांना उतरवतो, गाडी तिरकी करतो, दात-ओठ खात पार करतो आणि मग तिघांना परत बसवतो. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून त्याचा उद्धार करत असतात. महाशिवरात्रीला शिवमंदिराची जत्रा असते तेव्हा शहाणा माणूस गाडी काढतच नाही, तो भाग वेगळा.

‘दादा’ गेले, नंबर राहिला

नंबरप्लेट हा पूर्वी हौसेचा केवढा मोठा प्रांत होता! ४१४१ घेतला की ‘दादा’. ८०५५ घेतला की ‘बॉस’. आकड्यांना असा काही पीळ द्यायचा की ट्रॅफिक हवालदारालाही नंबर वाचायच्या आधी नमस्कार करावासा वाटावा. आता हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९पासून ती बसूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५मध्ये मुदत इतक्या वेळा वाढली की लोकांनी मोजणं सोडलं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. सगळ्यांची प्लेट सारखी, अक्षर सारखं. हे बरंच झालं असं माझं मत. पण आमच्या भागातल्या पोरांचं दुःख वेगळंच आहे. ठाण्याच्या पुढे गेलं की ‘एमएच-०५’ बघून लोक “कल्याणचा आहे, सांभाळून” अशा नजरेने बघतात. प्लेट सारखी झाली, नजर नाही झाली.

मॉडिफिकेशनचंही तेच. काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने २०१२मध्येच बंद केली. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही हे २०१९च्या जानेवारीत सांगितलं. पुढचे लोखंडी बंपर गार्ड २०१७च्या शेवटी बेकायदा ठरले. साधा रंग बदलायचा तरी आरसीवर नोंद लागते. उल्हासनगरात मात्र काय हवं ते मिळतं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुना झाला, पण सीट कव्हर आजही तिथूनच शिवून आणतात लोक, आणि छान शिवतात.

बाबांची ११८

या सगळ्या मंडळींमध्ये एकाचा त्रास मात्र किरकोळ नव्हता. “नाव छापू नका, सोसायटीत राडा होईल,” म्हणाला. वय पस्तिशीच्या आत, नोकरी ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत. रोज वापरायला गाडी नाही. पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे ती १९९१ची प्रीमियर ११८ एनई.

नव्या वाचकांना हे नाव माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बनवायची. १९८५मध्ये त्यांनी ११८ एनई काढली. अंग इटालियन, फियाट १२४चं. इंजिन जपानी, निस्सानचं, ११७१ सीसी. एनई म्हणजे तेच, निस्सान इंजिन. आणि ती बनायची कुठे? आपल्या इथे. कल्याणच्या कारखान्यात, कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या बाजूला. चौकोनी, सरळ रेघांची गाडी. त्या काळात डॉक्टर आणि बिल्डर लोकांची. पुढे १९९४मध्ये याच कारखान्यातून फ्रान्सची पुजो ३०९ निघाली. पण कामगारांचे वाद झाले, पैसा अडकला आणि तीन-चार वर्षांत फ्रेंच मंडळींनी गाशा गुंडाळला. आज त्या भागात टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या बाल्कनीत ज्या गाड्यांच्या ईएमआयचे हिशेब होतात त्या सगळ्या बाहेरून येतात.

याचे बाबा त्या कारखान्यात असेंब्लीला होते. कारखाना थंडावला, बाबा मोरिवलीच्या एका शेडमध्ये लेथवर लागले आणि काही वर्षांनी एका डॉक्टरांकडून ही गाडी हप्त्यांनी घेतली. “आपण बनवायचो, पण कधी बसलो नव्हतो,” असं ते म्हणायचे. आता बाबा नाहीत.

गाडी चालते. कार्ब्युरेटर, पॉइंट, कंडेन्सर, सगळं तो स्वतः बघतो. पार्ट मिळत नाहीत हा नेहमीचा रडगाणा सूर मात्र त्याने लावला नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दर दोन महिन्यांनी फेरी असते. जे तिथे नाही ते मोरिवलीत बनतं. “बुश हवा असेल तर जुना घेऊन जायचं, बाबांचे मित्र लेथवर काढून देतात. पैसे घेत नाहीत. चहा पाजावा लागतो आणि तासभर कारखान्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतात.” एवढं म्हणून हसला.

अडचण कागदांची आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू. त्याच्या गाडीची पाळी २०२६ला. मागच्या वेळी, २०२१मध्ये, ही फी ६०० रुपये होती. २०२२च्या एप्रिलपासून ती ५,००० झाली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा, आरटीओची तपासणी वेगळी. “पैशाचं एक वेळ करेन. पण प्रत्येक जण मला सांगतो, पंधरा वर्षं झाली ना, आता कायद्याने भंगारात. अहो, ते दिल्लीचं आहे!” बरोबर आहे त्याचं. १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची ती बंदी दिल्ली परिसरापुरती. महाराष्ट्रात गाडी धडधाकट असेल आणि रिन्यूअल असेल तर ती रस्त्यावर चालवता येते.

मग व्हिंटेजमध्ये का नाही टाकत? तेही विचारलं. २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी. त्याची ११८ तिथे पोचेल २०४१मध्ये. शिवाय व्हिंटेज नंबर मिळाला की ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणून वेगळी प्लेट मिळते. इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडली की रोड टॅक्स माफ. म्हणजे ही गाडी म्युनिकला असती तर २०२१लाच तिचा मान झाला असता. मोरिवलीत ती अजून नुसतीच म्हातारी आहे.

आणि आता सोसायटीची नोटीस. ‘बंद अवस्थेतील वाहने पंधरा दिवसांत हटवावीत.’ सेक्रेटरी काकांशीही बोललो. माणूस वाईट नाही. त्यांनी कंपाउंड दाखवलं. तीन गाड्या खरंच मेलेल्या, टायर जमिनीला चिकटलेले, एकीच्या डिकीवर पिंपळ. पावसाळ्यात खाली पाणी साचून डास. मालकांपैकी एक पुण्याला, एक दुबईला, एक फोन उचलत नाही. त्यात नव्या मेंबरांना, म्हणजे तुमच्याआमच्या वयाच्या, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट हवेत. जागा तेवढीच. “मी कुणाकुणाचं ऐकू? कव्हर घातलेली गाडी चालू की बंद, मला कसं कळणार?” काकांचा सवाल रास्त आहे.

त्याचं म्हणणं, नियम सगळ्यांना लावा, पण ‘बंद’ म्हणजे काय ते आधी ठरवा. ज्या गाडीचा इन्शुरन्स आहे, पीयूसी आहे, जी दर रविवारी बदलापूरच्या पुढे जाऊन येते, ती बंद कशी? मला त्याचं पटलं. चार्जिंग पॉइंट हवेतच, पण त्यासाठी आधी तो पिंपळ हलवा की!

आईचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, “त्याचे बाबा पण असेच. जेवण थंड व्हायचं आणि हे बोनेटमध्ये.” मग जरा थांबून, “पण त्या गाडीत बसलं की कंबर दुखत नाही हो, नव्या गाड्यांत दुखते.”

मीटिंग रविवारी सकाळी दहाला आहे, कंपाउंडमध्येच. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सगळ्याची झेरॉक्स काढून झालीय. विषय निघाला की तो कव्हर काढणार आणि सगळ्यांसमोर एका झटक्यात गाडी चालू करून दाखवणार, असा प्लॅन. त्या आठवड्यात नाइट शिफ्ट असल्याने गाडी चार दिवस हललेली नसेल. म्हणून शुक्रवारी रात्रीच बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावणार आहे. आईने हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून जागा करून ठेवलीय.